बंद व्हायला दोन सेकंद

५ मार्च, रविवार

पहारेकरी मसऊदकाकांना त्यांनी सकाळी फाटकातच मारलं. काका एवढंच म्हणाले होते, "आत जायचं तर आधी नावं लिहा," आणि रजिस्टर पुढं केलं. गोळी घालणाऱ्यानं मग रजिस्टर उचललं, दोन पानं चाळली आणि फेकून दिलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते.

चार गाड्या, वीसेक माणसं. म्होरक्याचं नाव घैस. त्याचा धाकटा भाऊ खाली मर्सा दीब शहराच्या तुरुंगात आहे. त्याला सोडा, नाहीतर शहराचं पाणी तोडतो, असं त्यानं आमच्याच फोनवरून नगरपालिकेला कळवलं. बीर हमीदच्या सगळ्या विहिरींचं पाणी आमच्या पंपिंग केंद्रातून खाली शहरात जातं, तेव्हा जागा मेल्यानं बरोबर निवडली.

फिटर फरज, फिटर अतीया आणि केंद्राची गाडी चालवणारा माझा भाऊ इद्रीस, या तिघांना त्यांनी मोठ्या पाइपलाइनच्या चेंबरमध्ये उतरवलं. दोन पुरुष खोल काँक्रीटचा खड्डा, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. उतरताना इद्रीस माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, जसा काही सहलीलाच निघालाय. त्याला दोन मुली आहेत. हे उगाच लिहितेय, विसरणार थोडीच आहे मी.

मग हुवैदी नावाचा त्यांचा माणूस कंट्रोल रूममध्ये आला. "इथं संगणक कोण चालवतं?"

मी तोंड उघडायच्या आत मिफ्ताह म्हणाला, "मी. पासवर्ड मलाच ठाऊक आहे. या बाई टाइपिस्ट आहेत."

टाइपिस्ट! एकोणीस वर्षं झाली मला इथं. हे अख्खं कंट्रोल नेटवर्क मी उभं केलंय. मिफ्ताह आमचा विभागप्रमुख, चार वर्षांपूर्वी मला डावलून केलेला. बंदुकीच्या तोंडीसुद्धा याची साहेबगिरी सुटत नाही. नंतर म्हणे, पासवर्ड आठवत नाही. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं, दोन दात माझ्या पायाशी पडले, तरी आठवत नाही! पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलाय, त्याच्याच अक्षरात. मारानं डोकं बधिर झालं असणार. बेशुद्ध पडल्यावर त्याला फरफटत गोदामात नेलं.

शेवटी मीच म्हणाले, "मला येतं."

हुवैदी खो खो हसला. त्याच्या बाहीवर मिफ्ताहचं रक्त उडालं होतं. म्हणाला, "मग आधी का नाही बोललीस, हाज्जा?" मी हाज्जा नाही. एक्केचाळीस वर्षांची आहे, आणि मक्केला अजून गेलेली नाही.

६ मार्च, सोमवार

मी त्यांना असं काही बनवलंय की काय सांगू! कोणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून ही देखभालीची वही. कामाच्या नोंदी समजून तिला कोणी हात लावत नाही.

शहराकडे जाणाऱ्या लाइनींवर अकरा व्हॉल्व्ह आहेत, मोहल्ल्यागणिक एक. प्रत्येकाला बनवणाऱ्यानं दिलेला आपला एक प्लग-इन असतो, म्हणजे मुख्य प्रोग्राममध्ये बसणारा छोटा प्रोग्राम. तो उघडला की त्या व्हॉल्व्हचं चित्र येतं, आकडे भरायला चौकटी येतात. बंदचं बटण दाबलं की चित्र लाल होतं. मी काय केलं, मुख्य प्रोग्रामच नेटवर्कपासून तोडून ठेवला. आम्ही एरवीही करतो असं. निवांत बसून आकडे भरून ठेवायचे. ते प्रोग्रामपाशी साठून राहतात, आणि पुन्हा जोडलं की सगळे एकदम यंत्रांत उतरतात. जोडायचंच नाही, एवढंच.

हुवैदी खुर्चीमागं उभा राहून बघत होता. एकेक चित्र लाल झालं की बोटं मोजायचा. आठव्या व्हॉल्व्हला त्याचं लक्ष चौकटीकडे गेलं.

"हे दोनशे चाळीस काय आहे?"

"बंद व्हायला लागणारे सेकंद."

"चार मिनिटं? मला येडा समजतेस?" पिस्तुलाची नळी माझ्या कानामागं आली. थंडगार होती. "लगेच बंद झालं पाहिजे."

"लगेच म्हणजे किती?"

"लगेच म्हणजे लगेच!"

मी दोन लिहिलं. मागं जाऊन आधीच्या सातांतही दोन केलं, पुढच्या तिन्हींतही दोन. मला आतून हसू येत होतं. आमचे व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर चालतात, सांगाल तसे मिटतात. एवढी लाइन दोन सेकंदांत बंद केली तर मागचं पाणी धडकून पाइप फोडील, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. पण जे जाणारच नाही त्यात दोन लिहा नाहीतर शून्य लिहा.

पाणी आहे तसं वाहतंय. घैसला मी सांगितलं, घराघरांत जमिनीखाली टाकी आहे, छपरावर टाकी आहे, चार दिवस ओरड होणार नाही. त्याला पटलं. त्याच्या स्वतःच्या घरीही असणारच की.

७ मार्च, मंगळवार

चेंबरच्या झाकणाला हवेसाठी मुठीएवढं भोक आहे. त्यातून जेवण टाकायची परवानगी मिळाली मला.

"ताई, काय आणलंस?" इद्रीसचा आवाज.

"मकरोना."

"थंड?"

"नाही, राजवाड्यातून गरम मागवलाय."

खालून तिघंही हसले. फरज घोरतो, अतीया झोपेत बायकोला शिव्या देतो, असं इद्रीस सांगत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, माझं जाऊ दे, पण हे घाबरलेत. काहीतरी कर."

"केलंय. तू गप बस आणि खा," मी म्हटलं. त्यानं आतल्या शिडीवर चढून भोकातून बोटं वर काढली आणि माझी करंगळी ओढली. लहानपणापासूनची खोड आहे त्याची.

संध्याकाळी घैसनं अंगणात उभं राहून फोन केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. गुरुवार दुपारपर्यंत भाऊ सुटला नाही तर खड्ड्यातला एकेक वर काढीन, म्हणाला. पलीकडच्यानं काय सांगितलं कळलं नाही. घैसनं फोन आपटला आणि समोर आलेल्या कुत्र्याला गोळी घातली. ते कुत्रं मसऊदकाकांचं होतं, दोन दिवस फाटकातून हललं नव्हतं.

मला दोनच दिवस काढायचेत. आमचा थोरला भाऊ झैदान शहराच्या सशस्त्र तुकडीत आहे. तो काय गप्प बसून राहणारा माणूस नाही. इद्रीस वाचला पाहिजे. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

८ मार्च, बुधवार

मिफ्ताहला परत आणून माझ्याजवळ भिंतीशी टाकलं. तोंड भोपळ्याएवढं सुजलंय, एक डोळा मिटलाय. हुवैदी चहा प्यायला गेला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "तुम्हाला मारलं का?"

"मला कशाला मारतील? मी टाइपिस्ट."

तो म्हणाला, "नजातबाई, पाणी बंद केलंत?"

"केलं."

"खरंच केलंत?"

"शंका आहे का साहेबांना?"

त्या एका डोळ्यानं त्यानं दाराकडे पाहून घेतलं. "सेटिंग काय ठेवलंय? मला कळलेलं बरं. तुम्हाला उद्या बाहेर नेलं तर मागं कोणाला तरी माहीत हवं."

मी म्हटलं, "जे ठेवायचं तेच ठेवलंय." आणि पाठ केली.

हा मार सोसणारा माणूस नाही, दोन थपडांत सगळं ओकेल, म्हणून सांगितलं नाही. असं मी स्वतःला बजावलं. पण या वहीत तरी खरं लिहावं. दात पडेपर्यंत पासवर्ड न सांगणारा माणूस ओकेल कशाला? मला सांगायचंच नव्हतं. याच नेटवर्कचा नकाशा चार वर्षांपूर्वी ह्यानं आपल्या नावानं बैठकीत मांडला आणि साहेब झाला. वर नंतर येऊन म्हणतो काय, "तुमचं नाव मी सुरुवातीलाच घेतलं होतं, त्यांनी खोडलं." त्याच वर्षी त्याची बहीण नटूनथटून, बदामाची मिठाई घेऊन आमच्या घरी आली होती. मी कामाचं सांगून उठून गेले. कशाला आली होती कोण जाणे, पण आई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. असो. एकदा तरी माझं काम माझंच राहू दे.

रात्री त्यानं आपलं जाकीट माझ्या अंगावर टाकलं. रक्ताचा वास येत होता त्याला.

९ मार्च, गुरुवार

हुवैदी फोन घेऊन आलाय. शहरातल्या कोणीतरी नळी लावून गाडी धुतानाचं चित्रण टाकलंय, आजचंच. मला खाली बोलावतायत. पायऱ्यांवर

१३ मार्च, सोमवार. घरी

हात नीट चालत नाही, पण लिहिल्याशिवाय डोकं फुटेल.

त्या दिवशी मला केसांना धरून अंगणात नेलं. घैस ओरडला नाही, हेच वाईट होतं. त्यानं झाकण उघडायला लावलं आणि सगळ्यांत आधी शिडीशी जो आला त्याला वर घेतलं. अतीया आला. उन्हानं त्याचे डोळे दिपले होते, हात आडवा धरून तो विचारत होता, "सोडताय का?" घैसनं त्याच हातातून गोळी घातली. अतीया माझ्या अंगावर पडला. त्याला बाजूला सारण्याइतकंही बळ माझ्यात नव्हतं. त्यांनीच ओढून काढलं. झाकण परत लावलं, कुलूप घातलं.

मग घैस माझ्या हातावर बूट ठेवून उभा राहिला. दोन बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. "अर्ध्या तासात पाणी बंद झालं नाही तर तुझा ड्रायव्हर भाऊ," तो म्हणाला. वर खिडकीत मिफ्ताह उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. मी मान वर केली तेव्हा तो खिडकीतून आत वळला.

मला ओरडायला हवं होतं, हात लावू नकोस म्हणून. माझ्या तोंडात माती होती. आणि खरं सांगायचं तर तो काय करायला गेला हे मला सुचलंच नाही.

मिनिटभर गेलं असेल. जमिनीखाली कोणीतरी मोठ्यानं कण्हल्यासारखं झालं. मग धाड्! पायांखालची जमीन उचलली गेली. पंपघराची भिंत फाटली, एक लोखंडी झाकण पतंगासारखं उडालं आणि घैसच्या एका माणसाचं डोकं घेऊन गेलं. अकरा व्हॉल्व्ह एकदम मिटले होते, दोन सेकंदांत. पाणी जायला वाट उरली नाही, आणि त्यानं पहिली फोडली ती चेंबरमधली जुनी जोडणी.

भोकातून आधी हवा आली, शीळ वाजल्यासारखी. मग इद्रीसचा आवाज, "ताई, पाणी!" किल्ली कोणाकडे होती? ज्याच्याकडे होती तो गाडीकडे पळत होता. मी कुलपावर दगड घातला, मोडलेल्या हातानं. वरून मिफ्ताह पहार घेऊन धावत आला. झाकणाखाली पहार घालून लटकला, तळहात सोलून निघाले, झाकण हललं नाही. खाली फरज ओरडत होता, मग ओरडणं थांबलं. भोकातून बोटं आली. मी धरली. इद्रीसच होता, नखाजवळचा तो वण मला माहीत आहे. त्या बोटांनी माझी करंगळी शोधली. त्यांच्या कडेनं पाणी उसळायला लागलं, माझ्या तोंडावर, छातीवर. मी सोडलं नाही. ती बोटं सैल पडली तरी सोडलं नाही.

टेकडीमागं झैदानची तुकडी दबा धरून होती म्हणे. धमाका ऐकून ते घुसले. घैसला भिंतीशी उभं करून मारलं, हुवैदी गाडीत जळाला. तो जळताना मी बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

झैदाननं कुलपावर गोळी झाडून झाकण उघडलं. आत डोकावून तो जे ओरडला ते माणसाचं ओरडणं नव्हतं. "कोणी केलं हे?"

गुडघ्यांवर बसलेल्या मिफ्ताहनं मान वर केली. "मी. मी नेटवर्क जोडलं. आकडा माझा चुकला."

झैदाननं त्याला लाथांनी तुडवलं. सोडवायला चौघं लागले. घाबरून काहीही बरळला असेल, असं मला तेव्हा वाटलं.

१६ मार्च, गुरुवार

नगरपालिकेच्या चौकशीवाल्यांसमोर मिफ्ताहनं पुन्हा तेच सांगितलं. "बंद होण्याचे सेकंद मीच भरले. दोन. हात चुकला." त्यांनी लिहून घेतलं. माझ्याकडे बघून एकजण म्हणाला, "बाई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं." मी मान हलवली.

घरी येऊन कामाचा लॅपटॉप उघडला. केंद्रातल्या मुख्य प्रोग्रामच्या नोंदी त्यावरही दिसतात. प्लग-इनमध्ये प्रत्येक बदलापुढं नाव पडतं, वेळ पडते. अकराही ओळींत दोन, अकराही ठिकाणी माझं नाव. आणि शेवटी एकच ओळ मिफ्ताहची, नऊ तारखेची. एकच व्हॉल्व्ह, खालच्या नखला मोहल्ल्याचा. बंद व्हायला तीनशे सेकंद. मग नेटवर्क जोडलं.

त्यानं अगदी बरोबर केलं होतं. एक मोहल्ला सावकाश बंद करायचा, घैसला दाखवायचं आणि इद्रीसला वाचवायचं. माझं साठलेलं आधी उतरलं, त्याचं त्याच्या मागं राहिलं.

हे पान त्यानं पहार घेऊन धावण्याआधी पाहिलं असेलच. मग माझं नाव का घेत नाही? सूड म्हणून का? आयुष्यभर माझ्या डोक्यावर उपकार ठेवायचेत का? मला काही कळत नाही. मी लॅपटॉप मिटला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला.

२१ मार्च, मंगळवार

शोकाचा तंबू अजून दारात आहे. इद्रीसची बायको सलीमा काही खात नाही. मुली मला विचारतात, आत्या, बाबा पाण्यात होते तर पोहले का नाहीत?

मिफ्ताहच्या घराण्याची वडीलधारी माणसं शुक्रवारी मीआद घेऊन येणार आहेत. म्हणजे आमच्या दारी येऊन रक्ताची माफी मागणार. झैदान म्हणतो, "येऊ देत. त्यालाही घेऊन या म्हणावं. माफी वडीलधारे मागतील, रक्त तो देईल."

आई म्हणाली, "माझ्या दारात रक्त नको."

"तुझ्या दारात नाही, हाज्जा. फाटकाबाहेर."

मी बोलले नाही. आज बोलीन, उद्या बोलीन. भित्री आहे मी. लिहिलं एकदाचं.

२४ मार्च, शुक्रवार

बारा पुरुष आले, डोक्यावर काही न घेता, एका रांगेत. पुढं त्यांचा म्हातारा चुलता, निवृत्त शाळामास्तर. शेवटी मिफ्ताह, काठी टेकत. तंबूत बसले. चहा मीच केला, फेसाचा, वर शेंगदाणे घालून. कोणी पेल्याला हात लावला नाही. मागणी मान्य होईपर्यंत लावायचा नसतो.

मी पडद्याआड आईशेजारी होते. म्हातारा बोलला, चांगलं बोलला. झैदाननं ऐकून घेतलं. मग उठला, रांगेतून चालत शेवटाला गेला, मिफ्ताहची मानगूट धरून त्याला गुडघ्यांवर पाडलं आणि पिस्तूल कपाळाला लावलं. त्याच्या तेवढ्या माणसांत कोणी उठलं नाही. उठले असते तर दोन्ही घराण्यांची प्रेतं पडली असती.

"सांग पुन्हा. माझ्या भावाला कोणी बुडवलं?"

"मी," मिफ्ताह म्हणाला.

मी कधी उठले, लॅपटॉप कधी घेतला, पडदा कसा ओलांडला, आठवत नाही. पुरुषांच्या तंबूत उभी होते आणि ओरडत होते, "खोटं बोलतोय तो! दोन मी लिहिलं!"

"बाई दुःखानं वेड्या झाल्यात," मिफ्ताह म्हणाला. "ऐकू नका त्यांचं."

"गप्प बस तू! माझ्या वतीनं बोलायला तुला कोणी सांगितलं?" मी लॅपटॉप मास्तरांपुढं आपटला. "वाचा. नाव वाचा."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. अकरा वेळा माझं नाव मोठ्यानं वाचलं, मग पुतण्याचं एकदा.

"हे त्याला आधी का नाही सांगितलंस, मुली?" त्यानं विचारलं.

"सांगायचं नव्हतं म्हणून," मी म्हणाले. "तो माझ्या वर साहेब झाला म्हणून."

झैदाननं मिफ्ताहला सोडलं. माझ्यापाशी आला आणि पिस्तुलाचा दस्ता माझ्या तोंडावर मारला. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा आईचा आवाज आला, पडद्याआडूनच.

"पाहुणे, चहा घ्या."

त्यांनी घेतला. गार झाला होता. मिफ्ताह सुटला, ते गेले. मला सलीमानं ओढत खोलीत नेलं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि तिथंच उभं राहून ती थुंकली.

३१ मार्च, शुक्रवार

गालाचं हाड दुखतं. झैदान दिवसभर अंगणात पिस्तूल मांडीवर घेऊन बसतो. माझी खोली अंगणातच उघडते.

इथं आपल्याकडून कोणाचा जीव गेला तर चार वडीलधारे पुढं होतात, मेलेल्याच्या दारी जातात, डोकं उघडं ठेवून बसतात. माझ्यासाठी कोण जाणार? मारणारीचं घर हेच आणि मेलेल्याचंही हेच. फरजच्या आणि अतीयाच्या घरी झैदान स्वतः जाऊन आला, त्यांनी माफ केलं. त्यांना माफ करता आलं, कारण त्यांच्या दारात कोणी उभं राहिलं होतं.

आई ताट दारापाशी ठेवून जाते. वाजवत नाही, हाक मारत नाही.

७ एप्रिल, शुक्रवार

ते परत आले. तेच बारा, तसेच उघड्या डोक्यानं, सोबत दोन मेंढे. मला वाटलं, मागच्या शुक्रवारचं काही राहिलं असेल. खिडकीच्या फटीतून ऐकलं.

म्हातारा म्हणाला, "आज आम्ही नजातच्या बाजूनं आलोय. तिच्या बाजूला कोणी नाही, म्हणून आम्हाला तिची माणसं धरा."

झैदानला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याचा चेहरा काळानिळा पडला. तो ताडताड फाटकाशी गेला आणि दोन्ही मेंढ्यांना गोळ्या घातल्या. एक लगेच मेला, दुसरा तंगड्या झाडत राहिला. रक्त पाहुण्यांच्या चपलांपर्यंत आलं. "घ्या तुमची मागणी," तो म्हणाला. "पुढची कोणाला घालू?"

कोणी जागचं हललं नाही. मिफ्ताह रांगेत तिसरा बसला होता, मान खाली घालून. उपकाराची हौस अजून फिटली नाही का याची? मला त्याचा संताप आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम का आलं ते माहीत नाही.

सलीमानं चहा नेला. पेले भरले, ठेवले, हात कोणी लावला नाही. मेंढा निपचित झाला. मग आई पडद्यातून बाहेर आली, सगळ्यांसमोर. झैदानपाशी जाऊन तिनं हात पुढं केला. तो देईना. तिनं त्याच्या मुस्काटात मारली, पाहुण्यांदेखत, अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलाला. मग त्यानं पिस्तूल दिलं आणि खांबाला टेकून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"चहा घ्या," आई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं माझं दार उघडलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा. पिस्तूल अजून तिच्या हातातच होतं, पदरात गुंडाळलेलं.

"आता तुला कोणी हात लावणार नाही," ती म्हणाली. "घराण्यानं माफ केलं."

"आई..."

"घराण्यानं म्हटलं मी." तिनं पिस्तुलाभोवतीचा पदर आणखी गुंडाळला. "बारा परके पुरुष रक्तात बसून तुझ्यासाठी माफी मागून गेले. इद्रीस माझ्या पोटचा होता. चौदा दिवस या भिंतीपलीकडे मी जागी आहे. तू आलीस का एकदा तरी?"

दार तिनं उघडंच ठेवलंय. स्वयंपाकघरात भांडी वाजतायत. वही इथंच ठेवते आणि जाते.